जुना कॉम्प्युटर बदलण्याआधी हार्ड डिस्क तपासा

काउंटरवर गिऱ्हाईक उभं आहे आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडता उघडत नाही. असं रोज होत असेल तर लगेच नवीन कॉम्प्युटर घ्यायला धावू नका. धंद्याच्या सुरुवातीला प्रत्येक रुपया मालात लागला पाहिजे. बऱ्याचदा मशीन चांगलं असतं, घोडं अडतं ते हार्ड डिस्कपाशी. विंडोज १० वर काय करायचं, ते क्रमाने बघू.

१. आधी बॅकअप. उधारीची खाती, स्टॉक, बिलं वेगळ्या डिस्कवर कॉपी करा आणि एक-दोन फाइल्स उघडून खात्री करा. जीएसटीचे हिशेब वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. ते गेले, तर स्पीड वाढवून काय करणार?

२. निदान. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या 'परफॉर्मन्स'मध्ये डिस्क एचडीडी आहे की एसएसडी, ते बघा. काही काम चालू नसताना डिस्क सतत १०० टक्के दिसते? मग अडचण बहुतेक तिथेच. मेमरीही भरलेली दिसली, तर रॅम कमी पडतेय.

३. तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. 'कॉशन' किंवा 'बॅड' आलं, किंवा डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर पुढची साफसफाई करू नका. डिस्कच बदला.

४. जागा. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाइल्स. इथे 'डाउनलोड्स'वर टिक असेल तर काढा, कारण सप्लायरची बिलं तिथेच पडलेली असतात. साधारण १५ ते २० टक्के डिस्क मोकळी ठेवा.

५. डीफ्रॅग. एचडीडीत तबकडी फिरते. फाइलचे तुकडे विखुरले की वाचायला वेळ लागतो. दुकान बंद करताना 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' लावून जा. एसएसडीला मात्र बाहेरचं डीफ्रॅग सॉफ्टवेअर लावू नका. तिची काळजी विंडोज स्वतः घेतं.

एवढं करूनही एचडीडी संथच वाटली, तर तिच्या जागी एसएसडी बसवा. चांगली असेल तर जुनी डिस्क बॅकअपला वापरा. नवीन कॉम्प्युटर आणि एसएसडी, दोन्हींचं कोटेशन शेजारी ठेवा आणि मगच ठरवा.

या सुट्टीच्या दिवशी निदान पहिली पायरी तरी कराच.