जुनी मासेमारी नौका घेताना : पहिल्या खरेदीदाराने घ्यावयाची दक्षता

झाई-बोर्डीपासून तेरेखोलच्या खाडीपर्यंत पसरलेल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारी हा हजारो कुटुंबांच्या उपजीविकेचा आधार आहे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नौकेवर खलाशी किंवा तांडेल म्हणून राबणाऱ्या मच्छीमाराच्या मनात स्वतःच्या मालकीची नौका असावी ही एक आकांक्षा असते. नवी यांत्रिक नौका बांधण्याचा खर्च अनेकांच्या आवाक्याबाहेरचा असल्याने पहिली नौका पुष्कळदा जुनीच घेतली जाते. तिच्यासाठी लागणारी रक्कम गाठीची बचत, घरातील दागिने आणि संस्थेचे वा बँकेचे कर्ज यांतून उभी राहते. व्यवहार फसला तर ते कुटुंब अनेक हंगाम मागे जाते. शिवाय नौकेचा दोष केवळ पैशापुरता राहत नाही. भर समुद्रात यंत्र बंद पडले किंवा फळी सुटली, तर नौकेवरील प्रत्येक खलाशाचा जीव धोक्यात येतो. म्हणूनच जुन्या नौकेची पाहणी कोणत्या क्रमाने करावी, हे किनाऱ्यावरील गावांत सर्वांना ठाऊक असणे आवश्यक आहे.

पाहणीची योग्य वेळ

राज्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. या दिवसांत नौका किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जातात. एरवी पाण्याखाली असलेला तळ उघड्यावर दिसण्याची ही संधी होय. मात्र यंत्राची खरी परीक्षा पाण्यातच होते. म्हणून व्यवहाराचे दोन टप्पे करणे हिताचे ठरते. पावसाळ्यात तळाची पाहणी करून विसार द्यावा आणि नौका पाण्यात उतरवून चाचणी झाल्यावरच उरलेली रक्कम द्यावी. चाचणीत मोठा दोष आढळल्यास विसार परत मिळेल, ही अट विसारपावतीत लिहून घ्यावी. तोंडी शब्दावर विसंबून राहू नये.

लाकडी नौकेचा तळ

हंगामापूर्वी नौकेला रंग देण्याची प्रथाच आहे. त्यामुळे नवा रंग पाहून भुलू नये आणि केवळ त्यावरून विक्रेत्याचा संशयही घेऊ नये. रंगाखाली काय आहे, ते पाहावे. लहान हातोडीने फळ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जावे. निरोगी लाकडाचा आवाज खणखणीत येतो, तर कुजलेल्या वा पोखरलेल्या लाकडाचा बद्द येतो. जेथे आवाज बदलेल तेथे टोचणी रोवून पाहावी. ती सहज आत गेली, तर ती फळी बदलावी लागणार हे निश्चित.

समुद्रात लाकूड पोखरणारा जो किडा म्हणून ओळखला जातो, तो वस्तुतः शिंपल्याच्या वर्गातील प्राणी आहे. तो अगदी लहान अवस्थेत लाकडात शिरतो आणि आतच वाढतो. त्यामुळे बाहेर टाचणीच्या टोकाएवढे छिद्र दिसते, पण आत लांबलचक पोकळ्या झालेल्या असतात. नौकेच्या तळाचा कणा, सुकाणूलगतचा भाग आणि रंग घासून गेलेल्या जागा येथे हा धोका अधिक असतो.

लाकूड कुजण्यास बहुतेक वेळा पावसाचे गोडे पाणी कारणीभूत असते. म्हणून डेकच्या खालील कोपरे, बर्फ ठेवण्याचा कप्पा आणि जेथे वारा खेळत नाही अशा जागा बॅटरीच्या उजेडात पाहाव्यात. लोखंडी खिळे व बोल्ट गंजले की त्यांच्या भोवतालचे लाकूडही काळे पडून ठिसूळ होते. दोन-चार बोल्ट काढून पाहण्याची मुभा विक्रेत्याकडे मागावी. फळ्यांच्या सांध्यांतील भरणही पाहावे. बराच काळ कोरड्यात असलेल्या नौकेचे सांधे थोडे उघडतात आणि पाण्यात उतरविल्यावर लाकूड फुगून ते पुन्हा मिटतात. पहिले एक-दोन दिवस थोडे पाणी येणे हा म्हणून दोष मानू नये. त्यानंतरही पाणी येत राहिले, तर मात्र कारण शोधलेच पाहिजे.

फायबरची नौका

फायबर कुजत नाही, यावरून फायबरच्या नौकेला दोषच नसतो असा समज करून घेऊ नये. पाण्याखालील भागावर आलेले फोड हे थरांत पाणी शिरल्याचे लक्षण आहे. येथेही ठोकून पाहण्याची रीत उपयोगी पडते. बोदा आवाज थर सुटल्याचे सुचवितो. डेकवर चालताना पायाखाली दबणारी जागा असल्यास आतील लाकूड भिजलेले असण्याची शक्यता असते. बाहेरून यंत्र लावलेल्या लहान नौकांत यंत्राचा सारा भार मागील आडव्या भिंतीवर पडतो. तेथील तडे विशेष लक्षपूर्वक पाहावेत.

यंत्राची परीक्षा

यंत्र थंड असतानाच किनाऱ्यावर पोहोचावे. आधीच तापवून ठेवलेले यंत्र सहज सुरू होते व त्याचा दोष झाकला जातो. यंत्र सुरू करण्यापूर्वी तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळत आहे असे समजावे.

यंत्र सुरू झाल्यावर धुराचा रंग पुष्कळ काही सांगून जातो. सतत काळा धूर येत असेल, तर इंधन नीट जळत नाही, हवा कमी पडते किंवा यंत्रावर भार जास्त आहे. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. यंत्र तापल्यावरही पांढरा धूर राहिला, तर इंधन न जळता बाहेर पडते वा पाणी आत शिरते. थंड करणाऱ्या पाण्याचा बाहेर पडणारा प्रवाह अखंड असावा.

त्यानंतर किमान दोन-तीन तास नौका समुद्रात चालवून पाहावी. पुढचा व मागचा गिअर, सुकाणूची पकड, दांड्याची थरथर आणि पूर्ण वेगात यंत्राचे तापमान यांची नोंद करावी. पंख्याचा दांडा तळातून बाहेर जातो त्या ठिकाणी नौका चालताना थेंब-थेंब पाणी गळणे स्वाभाविक आहे, धार लागणे स्वाभाविक नाही. परतल्यावर तळाशी किती पाणी साचले, ते उपसण्याआधी स्वतः पाहावे. या फेरीत अनुभवी तांडेल व विक्रेत्याशी संबंध नसलेला यंत्रकारागीर बरोबर असावा.

कागदपत्रे व परवाना

नौका भक्कम असूनही कागदपत्रे सदोष असतील, तर ती किनाऱ्यावरच पडून राहते. नोंदणी प्रमाणपत्रावरील मालकाचे नाव, नौकेची लांबी-रुंदी, नोंदणी क्रमांक आणि यंत्राचा क्रमांक प्रत्यक्ष नौकेशी ताडून पाहावा. यंत्र मध्यंतरी बदलले असल्यास त्याची नोंद झालेली असावी.

मासेमारीचा परवाना ही नोंदणीहून वेगळी बाब आहे. राज्यात महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू असून २०२१ मध्ये त्यात दुरुस्ती होऊन दंडाच्या तरतुदी अधिक कडक झाल्या. पर्ससीन जाळ्यांच्या मासेमारीवर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशान्वये निर्बंध आले आहेत. म्हणून एखाद्या प्रकारच्या जाळ्यासाठी सज्ज असलेली नौका घेतली की त्या मासेमारीचा परवानाही मिळाला, असे गृहीत धरू नये. परवाना नव्या मालकाच्या नावे मिळू शकेल काय, याची विचारणा विसार देण्यापूर्वीच जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात करावी.

तिसरी बाब कर्जाची. सहकारी संस्थेमार्फत वा बँकेकडून कर्ज घेऊन बांधलेली नौका ही बहुधा त्या कर्जाला तारण असते. थकबाकी नसल्याचा लेखी दाखला कर्ज देणाऱ्या संस्थेकडून घेतल्याखेरीज व्यवहार पुरा करू नये. विमा हप्त्यांच्या पावत्याही पाहाव्यात.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या हल्ल्यात हल्लेखोरांनी समुद्रात बळकावलेल्या मासेमारी नौकेचा वापर केला होता. तेव्हापासून नौका व खलाशी यांच्या ओळखीची तपासणी कडक झाली आहे. जुन्या मालकाच्या नावावर नौका चालविणे हे म्हणून दोघांनाही अडचणीत आणणारे आहे.

जीवरक्षक साधने

जीवरक्षक जॅकेट खलाशांच्या संख्येइतकी व वापरण्याजोगी असावीत. दिवे, अग्निशामक, नांगर व दोर, होकायंत्र आणि बिनतारी संच प्रत्यक्ष चालवून पाहावेत. नौकांशी उपग्रहाद्वारे संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणेच्या राष्ट्रीय योजनेचा प्रारंभ ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथे झाला. असा संच नौकेवर असल्यास तो चालू आहे ना, हे तपासून त्याची नोंद नव्या मालकाच्या नावे करून घ्यावी.

स्वस्त नौका खरोखर स्वस्त असते काय?

उदाहरणादाखल, एक नौका दहा लाखांना व दुसरी आठ लाखांना मिळत आहे असे समजू. दुसरीच्या फळ्यांसाठी दीड लाख, यंत्रासाठी एक लाख आणि दुरुस्तीत हंगामाचा पहिला महिना वाया गेल्याने पाऊण लाख असा हिशेब धरला, तर ती सव्वाअकरा लाखांना पडते. दोष आढळला म्हणजे नौका घेऊच नये असे नाही. तो दुरुस्त करण्याचा खर्च कारागिराकडून काढून घ्यावा व तेवढी रक्कम किमतीतून वजा करून घ्यावी. मात्र तळाचा कणा पोखरलेला असेल किंवा कागदपत्रे जुळत नसतील, तर माघार घेणेच शहाणपणाचे होय.

गावपातळीवरील साहाय्य

या कामी ग्रामपंचायत, मच्छीमार सहकारी संस्था आणि शाळा यांना बरेच करता येईल. पाहणीच्या मुद्द्यांचा फलक पंचायतीच्या व संस्थेच्या कार्यालयात लावावा. बंदीच्या काळात जाणते तांडेल व कारागीर यांच्याकडून तरुणांना एका शाकारलेल्या नौकेवर प्रत्यक्ष पाहणी दाखवावी. विसारपावतीचा व विक्री कराराचा मसुदा वाचून समजावून देण्याचे काम शिक्षकांनी स्वीकारल्यास अनेक कुटुंबांचे नुकसान टळेल. नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण करून नवा मालक जेव्हा पहिल्यांदा आपली नौका हाकारील, तेव्हा तिचा तळ, तिचे यंत्र आणि तिचे कागद यांविषयी त्याचे मन निःशंक असले पाहिजे.