वडापमधील गाणे

मोटारीत गाणे ऐकू येणे ही आज नवलाची गोष्ट उरलेली नाही. परंतु प्रारंभी ती मोठ्या खटपटीची बाब होती. अमेरिकेत १९३० साली पॉल गाल्विन यांच्या कारखान्याने मोटारीत बसवावयाचा रेडिओ विक्रीस आणला व त्यास 'मोटोरोला' असे नाव दिले. त्यात काचेच्या नळ्या असत. त्या तापल्यावाचून आवाज निघत नसे. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि कालांतराने त्या नळ्या गेल्या. पुढे १९६३ साली फिलिप्स कंपनीने कॅसेट काढली. मग काय, आवडीचे गाणे खिशात घालून नेता येऊ लागले!

आमच्या तरुणपणी, १९८२ च्या सुमारास, कोल्हापूरहून मलकापूर व आंबा घाट या वाटेने वडाप चाले. (वडाप म्हणजे उतारू भरले की सुटणारी भाड्याची मोटार. शहरातील मुलांस हा शब्द कदाचित ठाऊक नसेल.) कॉलेजला सुटी लागली की मी त्याच वाटेने घाटाखालच्या आमच्या गावी जात असे. तेथील एका वडापचे चालक मोठे लाघवी गृहस्थ होते. लहानथोर सारे त्यांना मामा म्हणत. एखादी म्हातारी दिसली, की तरण्या उतारूस मागे पाठवून ते म्हणत, "या आजी, म्होरं बसा. मागं लई हिसकं बसत्यात."

त्यांच्या मोटारीत रेडिओ होता. पण डोंगर आड आले, की त्यातून नुसती खरखर येई. मग मामा कॅसेट लावीत. बहुधा ती सिनेमाची गाणी असत. एक कॅसेट मात्र निराळी होती. तिच्यावर नाव नव्हते. तिच्यात जात्याची घरघर होती आणि त्या घरघरीवर ओव्या म्हणणारा एक थकलेला आवाज होता. तो मामांच्या आईचा. ती वारून तेव्हा दोन वर्षे झाली होती.

एके दिवशी आंबा गावापाशी ती फीत यंत्रात गुरफटली. मामांनी मोटार बाजूस घेतली. कॅसेटची फीत म्हणजे लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा लेप दिलेली प्लॅस्टिकची पातळ पट्टी. आवाज त्या लेपात चुंबकत्वाच्या रूपाने साठतो. पट्टी चुरगळली, की तेथला आवाज बिघडतो. एरवी घाई करणारे उतारू त्या दिवशी एक शब्द बोलले नाहीत. दुकानातून चिकटपट्टी आली, दाढीचे पाते आले. मामांचे हात कापत होते, म्हणून ते काम मी केले. दोन बोटे फीत कापून टाकावी लागली. टोके जोडली आणि कॅसेटच्या दातेरी भोकात पेन्सिल घालून फीत हळूहळू गुंडाळून घेतली.

कॅसेटची फीत सेकंदाला सुमारे पावणेपाच सेंटिमीटर धावते. तेव्हा दोन बोटे फीत म्हणजे एक सेकंददेखील नव्हे. पण तेवढ्यात एक शब्द गेला.

त्यानंतर मी अनेकदा त्या मोटारीत बसलो. ओवी त्या ठिकाणी येई, तेव्हा मामा समोरच्या वळणावरची नजर न काढता तो गळालेला शब्द स्वतः म्हणत, आणि आईचा आवाज पुढे चालू होई.