आळस नव्हे, बायो

दादर, २० मे

चि. बायोस अनेक आशीर्वाद.

परवा तुझ्याकडे आले तेव्हा मिरची गल्लीतून आणलेल्या बेडगीची पिशवी कोपऱ्यात तशीच बांधलेली दिसली. मे सरत आला, तरी देठं खुडलेली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, "आळस भरलाय." तू मुकाट्याने मान खाली घातलीस. ते मला पटलं नाही, म्हणून लिहितेय.

तुझ्यासारखी ४६व्या वर्षी पाळी मागेपुढे होऊ लागली, की इस्ट्रोजेन सरळ उतरत नाही. आज वर, उद्या खाली. मन थाऱ्यावर ठेवणारं सेरोटोनिन आणि काम हाती घ्यायला लावणारं डोपामाइन, दोन्हींत त्याचा हात असतो. प्रोजेस्टेरॉनपासून मेंदूला शांतवणारं एक रसायन बनतं, तेही कमी पडतं. त्यात रात्री अंगातून वाफा निघून झोपेचं खोबरं होतं. मग उगाच डोळे भरतात, आवडीचं कामही नकोसं होतं. सगळ्याच बायकांना इतका त्रास होत नाही. पण बाळंतपणानंतर जिचं मन खचलं होतं, तिने अधिक जपावं. धाकट्याच्या वेळचे तुझे दिवस मी पाहिलेत.

मात्र सगळं वयावर ढकलू नकोस. थायरॉइड बिघडलं, रक्त कमी झालं, बी-१२ उतरलं, तरी माणूस असाच गळून जातो. केईएम रुग्णालयात केसपेपर काढ. स्त्रीरोग आणि मानसोपचार, दोन्ही विभाग तिथेच आहेत. पाळीच्या तारखा, झोप, घाम वहीत लिहून ने. हार्मोनच्या गोळ्यांनी अनेकींना गुण येतो, पण स्तनाचा कर्करोग झालेल्यांना त्या सहसा देत नाहीत. तेव्हा शेजारणीच्या सांगण्यावरून घेऊ नकोस. मनासाठी औषध दिलं तर लाजू नकोस, आणि बरं वाटलं म्हणून आपल्याआपण बंदही करू नकोस.

हुरूप आला की करीन, म्हणत बसू नकोस. या दिवसांत हुरूप कामाच्या मागून येतो. रोज संध्याकाळी भारतमाता सिनेमापर्यंत चालून ये, वाटलं तर मैत्रिणीला सोबत घे.

कधी जगणंच नको वाटलं, तर ओपीडीची वेळ बघू नकोस. मला उठव, नाहीतर १४४१६ वर टेली-मानस हेल्पलाइनला फोन लाव. चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत.

सासूबाईंना हे पत्र वाचून दाखव. त्यांनीही हे सोसलं असेल, फक्त त्यांना कुणी विचारलं नसेल.

मंगळवारी सकाळी आठला केईएमच्या गेटवर थांबते. जुने रिपोर्ट घेऊन ये.

तुझी,
मावशी