बोधचिन्ह : व्यवसायाचा चेहरा

व्यवसायाला भांडवल लागते, माल लागतो, माणसे लागतात. मग एका लहानशा आकृतीला, म्हणजेच बोधचिन्हाला, एवढे महत्त्व का द्यावे? उत्तरासाठी सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ.

१ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. तिचे पूर्वीचे चिन्ह होते वटवृक्ष. अर्थ उत्तम, पण पानापारंब्यांचे असे चित्र लहान आकारात छापले की त्यातील बारकावे हरवतात. १९७१ मध्ये नवे चिन्ह आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी ते रेखाटले. निळे वर्तुळ, मध्यभागी लहान पांढरे वर्तुळ आणि तेथून खाली उतरणारी सरळ पट्टी. बस्स! कोणाला त्यात कुलपाचे भोक दिसते, म्हणजे सुरक्षितता. तर कोणाला प्रचंड संस्थेच्या केंद्रस्थानी उभा असलेला सामान्य माणूस.

या साधेपणातच सारे सामर्थ्य आहे. पासबुकावर ते ओळखू येते आणि तालुक्याच्या गावातील फलकावरही. रंग नसला तरी बिघडत नाही. अक्षरओळख नसलेला खातेदारही ते पाहून नेमक्या दारी येऊ शकतो.

मात्र एक गोष्ट विसरू नये. चिन्ह विश्वास निर्माण करीत नाही. मिळवलेला विश्वास ते साठवते. खिडकीपलीकडची वागणूक वाईट असेल, तर तेच सुबक वर्तुळ ग्राहकाला त्या वागणुकीची आठवण देईल. म्हणून उद्या दुकान थाटू इच्छिणाऱ्या मित्रांनी आधी व्यवहार चोख ठेवण्याचा निश्चय करावा; मग चित्रकाराकडे जावे.