चिमणी, विमान आणि कळसूबाई

आधीच सांगून टाकते, मी कॉन्व्हेंटची. मराठीत लेख लिही म्हटल्यावर पोटात गोळा येतो आणि 'एकोणसाठ' म्हणजे नक्की किती, हे अजून बोटांवर मोजावं लागतं. लहानपणी घरात मोठी माणसं म्हणायची, "चिमणीमुळे सोलापूरला विमान येत नाही." मला वाटायचं, एवढीशी चिमणी, ती विमानाला काय करणार? चिमणी म्हणजे धुराडं, हे बऱ्याच उशिरा कळलं. हसू नका!

तर ही चिमणी होती कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची. उंची सुमारे ९० मीटर, आणि शेजारी आपला होटगी रोडचा विमानतळ. अनेक वर्षं वाद झाला, मोर्चे निघाले, प्रकरण कोर्टात गेलं. शेवटी १५ जून २०२३ ला स्फोटकं लावून ती पाडली. २९ सप्टेंबर २०२४ ला विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ ला गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबईचं.

मी पक्की विमानवेडी. डोक्यावरून आवाज गेला की ताट सोडून गच्चीवर पळणारी. जूनमधल्या त्या दिवशी मामेभावाच्या गाडीवर बसून होटगी रोडला गेले. एटीआर ७२ जातीचं विमान, दोन इंजिनं, प्रत्येकाला सहा पात्यांचा पंखा. कॉलेजात गेल्यावर लॅब पार्टनरला हातवारे करून सगळं सांगितलं. ती गप्प. मग म्हणाली, "तुमचं विमान आलं गं. आमचा ऊस त्याच कारखान्याला जातो. चिमणी पडली त्या दिवशी आमच्या घरी कुणी जेवलं नव्हतं."

मला काय बोलावं कळेना. दोन दिवस आमचं बोलणं बंद आणि तिच्या डब्यातली शेंगाचटणीही बंद! तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, भांडण्यापेक्षा गणित करू. चिमणी खरंच आड येत होती का, हे आपण दोघी मिळून बघू. ते गणित तुमच्यासमोर मांडते. अकरावीच्या फिजिक्सवर भागतं, घाबरू नका.

पहिली गोष्ट, आभाळातलं छप्पर. विमानतळ म्हणजे नुसती धावपट्टी नव्हे, तिच्या वरची आणि आजूबाजूची रिकामी हवासुद्धा त्यातच येते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार आपल्या आकाराच्या धावपट्टीभोवती साधारण ४ किलोमीटरपर्यंत, जमिनीपासून ४५ मीटरवर एक न दिसणारं सपाट छप्पर धरतात. त्याच्या वर काही डोकावू नये अशी अपेक्षा. ९० मीटर म्हणजे बरोबर दुप्पट. उपकरणांच्या मदतीने विमान उतरवायचं असेल तर धावपट्टीच्या समोर आणखी एक तिरपं छप्पर असतं, त्याचा चढ ५० ला १. म्हणजे ५० मीटर लांब गेलं की १ मीटर उंचीची मुभा. सरळ समोर ९० मीटरची वस्तू उभी करायची तर ९० × ५० = ४५०० मीटर, म्हणजे साडेचार किलोमीटर लांब जायला हवं.

पार्टनर म्हणाली, "पण वैमानिकाला चिमणी दिसत नाही का? वळसा घालून जाईल की." शंका बरोबर आहे. मलाही आली होती. त्यासाठी पुढचं बघा.

दुसरी गोष्ट, आपलं ऊन. विमानाला उचलणारं बल हवेच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर अवलंबून असतं. हवा तापली की पातळ होते. वैमानिक यासाठी डेन्सिटी अल्टिट्यूड काढतात. सोप्या भाषेत, आजची हवा किती उंचीवरच्या हवेइतकी पातळ आहे, तो आकडा. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे १५८० फुटांवर. प्रमाण हिशेबाने या उंचीला तापमान १२ अंश असायला हवं. (सोलापुरात १२ अंश! स्वप्न बघा!) मे महिन्यातल्या दुपारी ४२ अंश धरा. फरक ३० अंशांचा. दर अंशाला साधारण १२० फूट मिळवायचे, म्हणजे ३६०० फूट. एकूण झाले ५१८०. मीटरमध्ये जवळजवळ १५८०. आणि महाराष्ट्राचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आहे १६४६ मीटर. म्हणजे मे महिन्यात आपली धावपट्टी जागेवरून न हलता कळसूबाईच्या माथ्याजवळ जाऊन बसते!

याचा परिणाम काय? हवेची घनता समुद्रकाठच्या प्रमाण हवेपेक्षा सुमारे १४ टक्के कमी. तेवढंच वजन उचलायला वेग सात-आठ टक्के जास्त लागतो. धाव वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणून ती सुमारे १६ टक्के जास्त. एटीआर ७२ ला पूर्ण वजनाने, समुद्रसपाटीला सुमारे १३०० मीटर लागतात, ते इथे झाले १५०० च्या वर. पातळ हवेत इंजिन आणि पंख्याचा जोरही कमी पडतो, म्हणजे आणखी जास्त. हिशेब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. उड्डाणाचा हिशेब नुसता दोन्ही इंजिनं चालू धरून करत नाहीत. नेमकं उड्डाणाच्या वेळी एक बंद पडलं असं धरूनही करतात. चाकं वर घेतल्यावर दोन इंजिनांच्या विमानाला एका इंजिनावर किमान २.४ टक्के चढ जमला पाहिजे. सुरक्षिततेसाठी त्यातूनही ०.८ टक्का वजा करतात. उरले १.६, म्हणजे किलोमीटरला १६ मीटर. या चालीने ९० मीटर चढायला साडेपाच किलोमीटरहून जास्त अंतर लागतं. वर भर दुपार, ढग किंवा धुकं. अशा वेळी वळसा घेणं हा शेवटचा उपाय, रोजचा नव्हे. नाहीतर वजन कमी करा, म्हणजे प्रवासी खाली उतरवा.

पार्टनरने सगळे आकडे परत कॅल्क्युलेटरवर घातले. मग म्हणाली, "म्हणजे नियम रोजच्यासाठी नाही, त्या एका दिवसासाठी आहे." मी पानभर लिहून जे सांगितलं, ते तिने एका वाक्यात सांगितलं.

पण तिचं बोलणं संपलं नव्हतं. "चिमणीसुद्धा कुणी हौसेने उंच बांधत नाही. उसाचा चोथा जाळून वीज करायची तर धूर वर, लांब गेला पाहिजे, नाहीतर गावावर बसतो. तेही गणितच आहे. मग ही दोन गणितं चिमणी उभी राहण्याआधी एका टेबलावर का नाही आली? माझ्या वडिलांना कुणी असा कागद करून दाखवला असता तर त्यांना कळला असता. ते रोज पाण्याचा, खताचा, उसाच्या टनांचा हिशेब करतात."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे आहे?

असो. तो कागद तिने घडी घालून बॅगेत ठेवला, घरी दाखवायला. चार-पाच वर्षांत आपल्यापैकी कुणीतरी धुराड्याचं डिझाइन करेल, कुणी धावपट्टीचं. त्या वेळी शेजारी कोण आहे हे आधी विचारू आणि आपला कागद त्याला कळेल अशा भाषेत दाखवू. एवढं जमलं तरी पुष्कळ झालं.

जाता जाता, शेंगाचटणी पुन्हा सुरू झाली आहे. या लेखातलं मराठी पार्टनरनेच तपासलं. आणि हो, एकोणसाठ म्हणजे ५९. तिलाच विचारलं.