राजदूत ३५० ला नायट्रस बसवावा का?

प्रश्न : आमच्या मामांची १९८६ सालची राजदूत ३५० बरीच वर्षं पडून होती. मिस्तरीने दोन्ही कार्ब्युरेटर साफ करून ती चालू करून दिली. सिनेमात बटण दाबलं की गाडी सुसाट सुटते, तो नायट्रस वायू हिला बसवता येईल का? आणि दवाखान्यात वापरतात तो हाच का?
— एक वाचक, निलंगा, जि. लातूर

उत्तर : दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. हो, वायू तोच : नायट्रस ऑक्साइड. १८४४ साली अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने दात काढताना तो वापरायला घेतला. इंजिनाशी त्याची गाठ पडली ती दुसऱ्या महायुद्धात. उंचावरच्या विरळ हवेत जर्मन विमानांची इंजिनं दमत, तेव्हा त्यांना हा वायू पाजत.

हा वायू स्वतः जळत नाही. सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या पुढे तो फुटतो आणि ऑक्सिजन मोकळा होतो. वजनाच्या हिशेबाने हवेत ऑक्सिजन २३ टक्के, तर नायट्रसमध्ये ३६ टक्के. त्यामुळे त्याच सिलिंडरमध्ये जास्त पेट्रोल जाळता येतं. ताकद शेवटी पेट्रोलचीच. साधारण साडेनऊ ग्रॅम वायूमागे एक ग्रॅम जादा पेट्रोल द्यावंच लागतं. ते कमी पडलं, तर उष्णता भलतीकडे जाते आणि पिस्टनला भोक पडतं.

आता तुमची गाडी. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेली ही यामाहा आरडी ३५० : टू-स्ट्रोक, ३४७ सीसी, दोन सिलिंडर आणि प्रत्येकाला आपला कार्ब्युरेटर. कार्ब्युरेटर पेट्रोल मोजतो ते आपल्यातून जाणाऱ्या हवेवरून. नायट्रस त्याच्या पुढे, रबरी मॅनिफोल्डमध्ये सोडला, तर कार्ब्युरेटरला त्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून दोन्ही मॅनिफोल्डवर वायू आणि पेट्रोल एकत्र फवारणारे नोझल बसवावे लागतात. एका नोझलमध्ये कचरा अडकून पेट्रोल थांबलं, तर एक पिस्टन ठणठणीत आणि दुसरा वितळलेला!

आणखी एक मेख आहे. या गाडीत ऑइल टाकीतल्या पेट्रोलमध्ये मिसळत नाहीत, वेगळा ऑटोल्यूब पंप ते पुरवतो. नोझलमधून येणाऱ्या जादा पेट्रोलमागे पंप जादा ऑइल देत नाही, त्यामुळे पिस्टन कोरडा पडून जाम होण्याची भीती. त्यासाठी ऑइल मिसळलेल्या पेट्रोलची वेगळी छोटी टाकी हवी. शिवाय नायट्रस सुरू असताना ठिणगी थोडी उशिरा पडावी लागते. मूळ पॉइंटवाल्या इग्निशनचं टायमिंग एकच, ते चालत्या गाडीत मागेपुढे होत नाही.

निलंग्यात उन्हाळ्याचाही विचार करायला हवा. बाटलीत हा वायू द्रवरूपात असतो. २० अंशांना दाब वातावरणाच्या सुमारे ५० पट. पण ३६.४ अंशांच्या वर कितीही दाबलं तरी तो द्रव राहत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हात उभ्या गाडीवरची बाटली त्याहून तापते. दाब झपाट्याने चढतो आणि नोझलचा सगळा हिशेब कोलमडतो.

कायद्याचंही बघा. मंजुरीशिवाय असा बदल केल्यास मोटार वाहन कायद्यानुसार मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. दवाखान्यातली बाटली मिळवायच्या फंदात तर पडूच नका. अशा सिलिंडरवर नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ या केंद्र सरकारच्या स्फोटक सुरक्षा संस्थेचं नियंत्रण असतं.

थोडक्यात, बसवता येईल, पण बंद धावपट्टीवरच्या शर्यतीसाठी आणि जुनं इंजिन पणाला लावायची तयारी असेल तर. रस्त्यासाठी माझं उत्तर ‘नको’ असंच आहे. तुम्हाला हवी असलेली ताकद बरीचशी या इंजिनातच दडलेली आहे. जपानी आरडी ३५० ची ताकद ३९ अश्वशक्ती होती. मायलेजचा विचार करून आपल्याकडे ती आधीच्या ‘हाय टॉर्क’ गाडीत ३०.५ आणि नंतरच्या ‘लो टॉर्क’ गाडीत २७ वर आणली. १९८६ ची गाडी बहुधा लो टॉर्क असणार. तिला ‘हाय टॉर्क’चे सायलेन्सर आणि त्यांना जुळणारे मेन जेट बसवले, तरी फरक जाणवतो.

त्याही आधी दोन्ही कार्ब्युरेटरचे स्लाइड एकाच क्षणी उचलतात का ते मिस्तरीकडून तपासून घ्या. नंतर चांगली रपेट मारून दोन्ही प्लग काढून बघा. दोन्ही बिस्किटी रंगाचे असतील तर उत्तम. एक पांढरा आणि एक काळा असेल, तर पांढऱ्या बाजूचा पिस्टन नायट्रसशिवायच धोक्यात आहे.

आणि वेग वाढवण्याआधी ब्रेककडे बघा. जपानी गाडीला पुढे डिस्क होता, आपल्या राजदूतला ड्रमच आहे. नायट्रससाठी बाजूला ठेवलेले पैसे आधी नव्या ब्रेकशूवर घाला.