शास्त्यांच्या दिवसांतले बेथलेहेमचे शेत

वाचन : रूथ, अध्याय १ ते ४ (विशेषतः अध्याय २). शिक्षकांनी शास्ते, अध्याय १९ ते २१ घरी वाचून यावे.



सकाळी वर्तमानपत्र उघडले की मन खिन्न होते, अशी तक्रार आमच्या कानी पुष्कळदा येते. युद्ध, दंगली, लाचलुचपत, पक्षांची फाटाफूट, स्त्रियांवरील अत्याचार. आता तर मोबाईलमुळे या बातम्या दिवसभर आपल्या हातातच असतात. उपासना संपून मंडळी अंगणात आली की तेच विषय निघतात, आणि वर्षानुवर्षे एका बाकावर बसणारे दोघे राजकारणावरून अबोला धरतात. मुले हे सारे ऐकत असतात. जग वाईटच आहे, येथे कोणी कोणाचे नाही, हा धडा त्यांना कोणी न शिकवताच मिळतो. म्हणून या महिन्याच्या पाठासाठी आम्ही रूथचा ग्रंथ निवडला आहे.

१. एक गाव, दोन बातम्या

रूथचा ग्रंथ लहान आहे, अवघे ४ अध्याय व ८५ वचने. पण पहिल्याच वचनात लेखक काळ सांगतो : शास्ते न्याय करीत होते ते दिवस, आणि देशात दुष्काळ. ते दिवस कसे होते हे शास्त्यांच्या शेवटच्या अध्यायांत दिसते. बेथलेहेमची एक स्त्री आपल्या लेवी पतीबरोबर प्रवासास निघते. गिबा गावात रात्री तिच्यावर असा अत्याचार होतो की सकाळी ती उंबरठ्यावर पडलेली आढळते. त्यातून भाऊबंदांचे युद्ध पेटते. पहिल्या दोन दिवसांत इस्राएलाचे २२,००० व १८,००० पुरुष पडतात. मग बन्यामिनाचे २५,१०० मारले जातात आणि त्या वंशाचे जेमतेम ६०० पुरुष उरतात. देशात राजा नव्हता व प्रत्येक जण मनास येईल तसे करी, असे सांगून तो ग्रंथ संपतो.

त्या काळी वर्तमानपत्र असते, तर पहिल्या पानावर गिबाचीच बातमी आली असती, आणि ती यावयासच हवी होती. पण त्याच शास्त्यांच्या काळात, त्याच बेथलेहेमात, एका परक्या विधवेला शेतात पोटभर जेवण मिळाले, ही बातमी शेवटच्या पानावरही छापली गेली नसती. पवित्र शास्त्राने मात्र दोन्ही जपून ठेवल्या. आपल्या शास्त्रात तर शास्त्यांचे शेवटचे पान उलटताच रूथचा ग्रंथ सुरू होतो. गिबा घडलेच नाही असे शास्त्र म्हणत नाही, आणि गिबा घडले म्हणून बेथलेहेमचे शेत विसरतही नाही.

२. बवाजाने काय केले?

रूथ मवाबी होती. मवाबाचा राजा एग्लोन याने इस्राएलावर १८ वर्षे सत्ता गाजवली होती (शास्ते ३:१४). तेव्हा मवाबी माणसाविषयी बेथलेहेमात गोड बोलणे होत असेल, असे समजण्याचे कारण नाही.

बवाज शेतावर येतो तो प्रथम कापणाऱ्यांना परमेश्वराच्या नावाने नमस्कार करतो, आणि तेही तसेच उत्तर देतात. मालक व मजूर यांच्यातले हे साधे अभिवादन ध्यानात ठेवावे. मग तो रूथची चौकशी करतो. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेला सरवा गरिबांसाठी व परक्यांसाठी राहू द्यावा, असे नियमशास्त्र होते (लेवीय १९:९, १०). तेवढे केले असते तरी बवाजाचे कर्तव्य झाले असते. पण तो पुढे जातो. गड्यांनी भरून ठेवलेल्या भांड्यांतले पाणी पिण्यास तो तिला सांगतो. जेवताना तिला आपल्या लोकांत बसवतो. पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम ओढून तिच्यासाठी टाकावी, तिला लाजवू नये, तिला हात लावू नये, अशी गड्यांना ताकीद देतो. गिबात बेथलेहेमची स्त्री सुरक्षित राहिली नाही. बेथलेहेमच्या शेतात मात्र परदेशी स्त्री सुरक्षित राहिली, कारण एका माणसाने आपल्या माणसांना वेळीच बजावले.

संध्याकाळी रूथने झोडून पाहिले तो एफाभर सातू भरले, म्हणजे सुमारे २२ लिटर. जेवणातले उरलेलेही तिने सासूसाठी राखून ठेवले होते.

इब्री भाषेत ‘हेसेद’ असा शब्द आहे. दया, ममता व निष्ठा हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र येतात. या ग्रंथात तो तीनदा आला आहे (१:८; २:२०; ३:१०). पहिल्या ठिकाणी नामी आपल्या दोन्ही सुनांच्या दयेविषयी बोलते. त्या दोघीही मवाबी होत्या, आणि अर्पा तर तेथूनच माहेरी परतली. चांगुलपणा आपल्याच लोकांत असतो असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

३. दुःखावर पांघरूण नाही

निराश माणसाला ‘हसत राहा’ असे सांगणे सोपे असते. नामीला कोणी तसे सांगितले नाही. पती व दोन मुलगे गमावून ती परतली, आणि आपल्याला नामी न म्हणता मारा म्हणा, असे गावच्या बायांना म्हणाली. मारा म्हणजे कडू. देवाविषयीची तिची तक्रार शास्त्राने जशीच्या तशी नोंदली आहे. तिला उपदेश मिळाला नाही, घरी धान्य आले. दुःखिताचे मन पुष्कळदा असेच वळते.

४. शेतातून वेशीवर

काही जण म्हणतील, वर्तमानपत्र वाचणे सोडावे व शेजाऱ्याशी गोड वागावे, म्हणजे झाले. बवाजाने तसे केले नाही. चौथ्या अध्यायात तो गावाच्या वेशीत बसतो. न्याय व व्यवहार तेथेच होत असत. तो १० वडील जनांना बोलावतो, जवळच्या नातलगाचा हक्क आधी विचारतो आणि सर्व काही साक्षीदारांसमोर उघडपणे करतो. शेतातली दया आणि वेशीवरचा सरळपणा एकाच माणसात होता. तेव्हा आपण बातम्या वाचाव्या, मत द्यावे, अन्यायाविरुद्ध बोलावे. मात्र वेशीवर जाणाऱ्याचे हात शेतातल्या दयेला सरावलेले असावेत.

५. आपल्या काळातील सरवा

वेळेवर पोहोचलेल्या गाडीची बातमी होत नाही, घसरलेल्या गाडीची होते. बातमी खोटी नसते, पण ती नेहमीच्या जगण्याची मोजणी करीत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. पुष्कळ माणसे मेली. त्या रात्री अडकलेल्या अनोळखी लोकांना रहिवाशांनी चहा-बिस्किटे दिली, घरात घेतले. २०२० च्या टाळेबंदीत आग्रा-मुंबई रस्त्याने मजूर पायी चालले होते, तेव्हा इंदूरच्या बाहेर लोक जेवण, पाणी व चपला घेऊन उभे राहिले. पाणी का तुंबले, मजुरांवर ती वेळ का आली, हे प्रश्न यामुळे मिटत नाहीत. पण कोणी कोणाचे नाही, हे म्हणणेही खरे राहत नाही.

शिक्षकांसाठी

(१) मुलांना एक वही करू द्यावी. आठवडाभरात पाहिलेले दयेचे एक काम प्रत्येकाने त्यात लिहावे. स्वतः केलेले लिहू नये, दुसऱ्याचे लिहावे, शक्यतो आपल्या मंडळीबाहेरच्या माणसाचे.

(२) मोठ्यांच्या वर्गात विचारावे : आपल्या हाताखाली काम करणाऱ्यांना आपण कसे अभिवादन करतो? आपल्या गावात आज ‘मवाबी’ कोण आहे? राजकारणावरून आपण कोणाशी बोलणे सोडले आहे काय? असल्यास पुढील रविवारपूर्वी त्याच्या घरी जावे.

(३) पाठांतरासाठी रूथ २:१२ द्यावे.

रूथचा मुलगा ओबेद, त्याचा इशाय, त्याचा दावीद. पुढे त्याच बेथलेहेमात आपल्या प्रभूचा जन्म झाला, आणि मत्तयाने वंशावळीत रूथचे नाव लिहिले. कणसे ओढून टाकणाऱ्या गड्यांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांनी त्या दिवशी सांगितलेले काम केले व संध्याकाळी ते घरी गेले.